लग्नपत्रिकेची जाडी ०.४१

परवा मी द्राक्षांच्या क्रेटला सीटबेल्ट लावला.

मोहाडीच्या मावसभावाने फोन केला होता, "बाग संपत आलीय, ये आणि घेऊन जा, नंतर म्हणू नकोस." गेले. सोसायटीत वाटायची म्हणून चार क्रेट डिकीत बसवले. मागच्या सीटवर मावशीने दिलेली गव्हाची गोणी, शेवग्याच्या शेंगा आणि वाळवणाचे डबे. पाचवं क्रेट राहिलं, ते पुढे माझ्या शेजारी ठेवलं. दिंडोरी रोडला लागले तशी गाडी टिंग टिंग करायला लागली. आधी वाटलं दार नीट लागलं नाही. मग समोर पट्टेवाला लाल माणूस पेटलेला दिसला. शेजारी कुणीतरी बसलंय आणि त्याने पट्टा लावलेला नाही, अशी गाडीची खात्री झाली होती. तिला वजनावरून तेवढंच कळणार, तिचा तरी काय दोष! म्हसरूळपर्यंत ऐकून घेतलं, मग कडेला थांबले आणि वीस किलो थॉमसनला पट्टा बांधला. गाडी गप्प झाली. सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने वाकून आत पाहिलं आणि मोठ्याने हसला.

घरच्या पार्किंगमध्ये या गाडीच्या शेजारी दुसरी उभी असते. १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी, मूळची पांढरी, आता सायीच्या रंगाची. कागदावर पद्मिनी, घरात मात्र कायम फियाट. तिच्यात पट्टे नव्हतेच. आहेत ते दोन आम्ही अलीकडे पुढे बसवून घेतले. १९८७ च्या मे महिन्यात तिच्यात आम्ही नऊ जण बसून त्र्यंबकला गेलो होतो, त्यातली तीन पोरं मांडीवर आणि एक मागच्या काचेखालच्या फळीवर झोपलेलं. कुणी टिंग केलं नाही.

दोन गाड्या शेजारीशेजारी पाहून लोक हमखास विचारतात, "मग, भारी कुठली?" आणि उत्तर मिळायच्या आधीच स्वतः सांगून टाकतात, "जुनं ते सोनं, काय?" मला याचा कंटाळा आलाय. म्हणून आधीच लिहून टाकते. भारी नवी. वेग, ब्रेक, दिवे, एसी, पेट्रोल, सुरक्षितता, कशातही जुनी तिच्या जवळपास येत नाही. एवढं कबूल केल्यावर आता मला जुनीबद्दल बोलायला मोकळीक आहे.

नवी म्हणजे मागच्याच्या मागच्या दिवाळीत घेतलेली सेडान. कंपनीचं नाव लिहीत नाही, मला जाहिरातही करायची नाही आणि पुढे चार कुरकुरी आहेत, त्या कुणाच्या नावावर घालायच्या नाहीत. आमच्या सोसायटीत त्या वर्षी आलेल्या सगळ्या गाड्या उंच, एसयूव्ही. नवऱ्याने हट्टाने सेडान घेतली. त्याचं म्हणणं, हायवेला गाडी रस्त्याला चिकटून चालायला हवी आणि डिकीला स्वतंत्र दार हवं. डिकी ५२१ लिटरची आहे, म्हणून तर चार क्रेट मावले.

आता गंमत बघा. या सेडानचं इंजिन ९९९ सीसी, तीन सिलिंडर. फियाटचं १०८९ सीसी, चार सिलिंडर. म्हणजे आकाराने जुनं इंजिन मोठं. पण ताकद जुन्याची चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आणि नव्याची ११५. जवळजवळ तिप्पट. तीही बाराशेच्या आसपास किलोची गाडी ओढून, फियाट तर नऊशेचीच. हे सगळं होतं टर्बोमुळे. सायलेन्सरकडे वाया जाणारा धूर एक पंखा फिरवतो, तो पंखा दुसऱ्या पंख्याला फिरवतो आणि दुसरा हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त तर पेट्रोल जास्त जाळता येतं. पेट्रोलही थेट सिलिंडरमध्ये, शेकडो बार दाबाने, अगदी बारीक भोकांतून फवारलं जातं.

ही भोकं माझ्या ओळखीची. सातपूरच्या एका कारखान्यात मेट्रॉलॉजी रूममध्ये, म्हणजे मापं तपासायच्या खोलीत, माझी सत्तावीस वर्षं गेली. डिझेलच्या नोझल तपासायच्या. खोली बारा महिने २० अंश सेल्सिअसवर, कारण जगभर मापं त्याच तापमानाला धरतात. बाहेर मे महिन्यात सातपूर भाजून निघत असायचं आणि आम्ही आत स्वेटर घालून बसायचो. नोझलची सुई आणि तिचं घर यांच्यात दोन-तीन मायक्रॉनची फट. आपला केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे काय ते समजा. सुई हातात धरून दोन मिनिटं गप्पा मारल्या की हाताच्या उबेने माप बदलायचं. असली कामं करून संध्याकाळी घरी यायचं, तर घरी अण्णांची, म्हणजे वडिलांची, फियाट. आणि अण्णांची लग्नपत्रिका.

ती आधी सांगते, कारण मुळात त्यासाठीच लिहायला बसले.

अण्णा नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. १९८६ साली त्यांनी सोसायटीचं कर्ज काढून देवळाली कॅम्पातल्या एका पारशी डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. तेव्हा मारुती ८०० येऊन तीन वर्षं होत आली होती आणि ऑफिसातले सगळे म्हणत होते, मारुतीला नंबर लाव. अण्णांचं उत्तर ठरलेलं, "त्या गाडीचं पत्र्याचं बोनेट बोटाने दबतं." खरं कारण पैशाचं होतं, हे आम्हाला नंतर कळलं.

ही फियाट म्हणजे मुळात इटलीची ११००डी. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने ती १९६४ पासून कुर्ल्यात बनवायला घेतली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी केलं. इटलीत ११००डी १९६६ लाच संपली, आपल्याकडे मात्र नव्वदचं दशक उजाडलं तरी तीच गाडी, तेच कल्ले, तोच स्टिअरिंगखालचा गिअरचा दांडा. घेणारे रांगेत उभे असताना बदलायची गरज कुणाला? अण्णांना हे सांगितलं की ते म्हणायचे, "म्हणून तर पार्ट मिळतात."

तर पत्रिका. फियाटच्या डेल्कोमध्ये, म्हणजे ठिणगी वाटून देणाऱ्या डबीत, दोन पॉइंट असतात, उघडझाप करतात, त्यांच्या उघडझापीवर प्लगला ठिणगी मिळते. ते पूर्ण उघडल्यावर मधे ०.४ मिलिमीटरच्या थोडं पुढेमागे अंतर हवं. कमी झालं की गाडी मिसिंग मारते, घाटात दम सोडते, सकाळी उठत नाही. अंतर मोजायला फीलर गेज नावाच्या पत्र्याच्या पट्ट्या मिळतात. अण्णांकडे त्या नव्हत्या. त्यांच्याकडे आत्याच्या लग्नाची पत्रिका होती, जाड, हळदीच्या रंगाची. तिची बोटभर पट्टी कापून त्यांनी गाडीच्या कप्प्यात ठेवली होती. पट्टी पॉइंटमध्ये सरकवायची, किंचित अडकत सरकली की स्क्रू आवळायचा. कापताना मजकुरातही कात्री फिरली. मूळचं "कृपया आहेर आणू नये", त्यातलं "कृपया" आणि "नये" गेलं. त्यामुळे पट्टीवर लाल अक्षरांत फक्त "आहेर आणू" उरलंय. अण्णा बोनेट उघडून हात पुढे करायचे आणि म्हणायचे, "आहेर आण गं." आम्ही कप्प्यातून पट्टी काढून द्यायचो.

१९९७ साली मी ती पट्टी डब्यात घालून कामावर नेली. जेवणाच्या सुट्टीत मायक्रोमीटरला लावली. कागद दाबला जातो, म्हणून रॅचेट फिरवून पाच ठिकाणी मापं घेतली. सरासरी ०.४१. मी स्वतःशीच हसले. संध्याकाळी अण्णांना सांगितलं तर त्यांनी पेपरातून डोकंही वर केलं नाही. "बरं. मग बरोबर आहे ना?" "बरोबर आहे." "मग मोजलीस कशाला?"

याला मी अजून नीट उत्तर शोधतेय. माझ्या खोलीत तीन मायक्रॉनच्या पुढे गेलेला तुकडा लाल डब्यात जायचा. अण्णांची पट्टी तेलकट बोटांनी मळलेली, पावसाळ्यात फुगत असणार, उन्हाळ्यात आक्रसत असणार. तरी त्या पट्टीवर गाडी तेवीस वर्षं चालली. जुन्या इंजिनाला मापात चूक चालते. पॉइंट थोडे इकडेतिकडे झाले तर ते कुरकुरतं, खोकतं, पण घरी आणून सोडतं. नव्या इंजिनाला तसली चूक चालतच नाही. त्यातला एक सेन्सर खोटं बोलला तर गाडी पिवळा दिवा लावते आणि जोर काढून घेते. पण टक्कर झाली तर हिशेब उलटा. नवीचं पुढचं तोंड मुद्दाम चेपतं, धक्का स्वतः खातं, एअरबॅग उघडतात, आतल्या माणसाची एखादी चूक झाकली जाते. फियाट जाड पत्र्याची म्हणून लोक तिला मजबूत समजतात. त्या पत्र्यात धक्का खाण्याची सोयच केलेली नाही, तो सरळ आतल्या माणसाकडे येतो, आणि स्टिअरिंगचा दांडा छातीसमोर. म्हणून शहराबाहेर मी फियाट नेत नाही. लेकीने पुण्याहून येताना ती मागितली तर सरळ नाही म्हणते.

ब्रेकचंही तसंच. फियाटला चारही चाकांना ड्रम, आणि पाय दाबायला कुठली मदत नाही, जेवढा जोर तुमचा तेवढाच. नव्याने शिकत होते तेव्हाची गोष्ट, १९९४ चा पावसाळा. गोदावरीला पाणी चढत होतं. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलंय बघायला गाव लोटलं होतं, आणि मी शहाणी, गाडी घेऊन. कंबरेपर्यंत आलं होतं. परत येताना रस्त्यावर घोटाभर पाणी, त्यातून गाडी काढली आणि पुढच्या उतारावर ब्रेक दाबला तर पाय नुसता खाली गेला, गाडी चालूच. केळ्याच्या हातगाडीला अगदी हळू जाऊन टेकली. नुकसान म्हणाल तर दोन डझन केळी, ती मला विकत घ्यावी लागली. घरी अण्णांनी केळी मोजली आणि म्हणाले, "पाण्यातून निघालं की थोडा वेळ ब्रेकवर पाय ठेवून चालवायची. लायनर वाळतात." हे त्यांनी आधी सांगितलं नव्हतं.

मागच्या ऑगस्टमध्ये विल्होळीजवळ, भर पावसात, पुढचा टेम्पो एकाएकी जागेवर थांबला. मी अख्खी ब्रेकवर उभी राहिले. पायाखाली पेडल थरथर थरथर, एबीएस चाकं सोडत-धरत होतं, स्टिअरिंग वळत होतं आणि गाडी टेम्पोच्या डाव्या कडेने सरळ रेषेत थांबली. शेजारी नवरा होता. तो फक्त "चहा घेऊ" म्हणाला. फियाट असती तर आम्ही त्या टेम्पोत असतो. हे लिहिताना मला फियाटबद्दल काही कमीजास्त वाटत नाही, जे आहे ते आहे.

आता घाट. नाशिककराच्या कुठल्याही जुन्या गाडीच्या गोष्टीत कसारा घाट येणारच.

१९८९ चा मे. डोंबिवलीहून लग्न आटोपून परत येत होतो. अर्धा घाट चढलो आणि गाडीने आचके दिले, मग गप्प. अण्णा खाली उतरायच्या आधीच आम्ही भावंडं उतरलो, कारण आमचं काम ठरलेलं, मागच्या चाकांना दगड लावायचे. बोनेट उघडलं, गरम हवेचा लोट आला. पेट्रोल नव्हतं असं नाही, पण पेट्रोल ओढणारा पंप तापून त्यातल्या पेट्रोलची वाफ झाली होती, आणि तो पंप वाफ ढकलू शकत नाही. आईने न सांगता नॅपकिन काढला, फिरकीच्या तांब्यातलं पाणी त्यावर ओतलं, अण्णांनी तो पंपाला गुंडाळला. वीस मिनिटं आम्ही घाटाच्या कठड्यावर बसून लग्नातले उरलेले बुंदीचे लाडू खाल्ले. खालून रेल्वे गेली. मग गाडी एका किल्लीत सुरू झाली. वर घाटनदेवीला अण्णांनी नारळ फोडला. तो दर वेळी फोडायचे, गाडी बंद पडली तरी आणि न पडली तरी.

आता नव्या गाडीतून ठाण्याला भाचीकडे जाणं म्हणजे समृद्धी. इगतपुरी ते आमणे हा तिचा शेवटचा ७६ किलोमीटरचा तुकडा ५ जून २०२५ ला खुला झाला, त्यात इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरच्या आसपासचा बोगदा. दिवाळीत आईला घेऊन गेलो. येताना क्रूझ लावलं, गाडी शंभरावर. बोगद्यात शिरलो, मोबाइलवर दोन मेसेज वाचेपर्यंत बाहेर. चढ कळला नाही. इंजिनाचा आवाज बदलला नाही, गिअर कितवा होता हेही मला ठाऊक नाही, तो गाडी पाहते. आईने पर्समधून एक रुपयाचं नाणं काढून मुठीत धरलं होतं. थोड्या वेळाने विचारलं, "घाटनदेवी आली का?" मी म्हटलं, "आई, आपण डोंगराच्या पोटातून आलो. ती तिकडे राहिली." आईने मागच्या काचेकडे वळून हात जोडले आणि नाणं परत पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, "लवकर पोचू मग. कुकर लावता येईल."

आई आता ऐंशीची आहे. तिच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडीविषयी तिचं स्वतःचं मत तयार झालंय आणि ते तज्ज्ञांच्या मतांहून मला जास्त पटतं. नव्या सेडानमध्ये ती बसत नाही, पडते. सीट खाली, छत उतरतं, आधी डोकं वाकवायचं, मग कंबर टाकायची, मग एकेक पाय आत घ्यायचा. उतरताना दोघांनी ओढायचं. फियाटची सीट म्हणजे घरातल्या दिवाणासारखी, सपाट आणि खुर्चीच्या उंचीची. दार उघडलं की ती पाठमोरी टेकते आणि वळते, झालं. पुढची सीटही सलग बाकासारखी. स्टिअरिंग टेबलासारखं आडवं, छत डोक्यापासून वीतभर वर. सत्तर वर्षांपूर्वी इटलीत कुणीतरी माणूस खुर्चीत बसतो तसा गाडीत बसवला. नंतर गाड्या हवेला कापण्यासाठी खाली गेल्या, त्याने पेट्रोल वाचलं, वेग वाढला, हे सगळं कळतं मला. पण खुबा बदललेल्या बाईला ते कुणी विचारलं नाही. एसयूव्हीवर लोकांच्या उड्या का पडतात याची बरीच कारणं सांगतात, त्यात हे एक घाला.

म्हणून आठवड्यातून एकदा फिजिओथेरपीला, गंगापूर रोडवर, आई फियाटमधून जाते. तीसच्या वेगाने. येताना आम्ही भाजी घेतो. त्रिकोणी काच उघडली की वारा बरोबर तिच्या तोंडावर येतो. एसीने तिचे कान दुखतात. पोरं फोटो काढतात, आई पदर नीट करते.

नवीच्या कुरकुरी थोडक्यात. एसीचा पंखा कमी करायला पडद्यावर बोट फिरवावं लागतं, म्हणजे रस्त्यावरची नजर काढावी लागते. ही सोय ज्यांनी केली त्यांना द्वारकेच्या चौकात संध्याकाळी सहाला गाडी चालवायला लावा. सर्व्हिसिंगला गाडी दिली की मला काचेच्या पलीकडे बसवतात, कॉफी देतात आणि बिलात "एसी डिसइन्फेक्शन" लिहितात. सत्तावीस वर्षं मशिनपाशी काढलेल्या बाईला स्वतःच्या गाडीखाली डोकावू देत नाहीत, इन्शुरन्सचा नियम म्हणे. आणि एकदा वणीच्या गडावर दर्शन घेऊन आलो तर गाडी उघडेना. किल्लीतला सेल गेला होता. मी बटण दाबतेय, दाबतेय. प्रसादाच्या दुकानातल्या मुलाने किल्ली हातातून घेतली, तिच्या पोटातून लोखंडी किल्ली ओढून काढली, दार उघडलं आणि म्हणाला, "आता ही बटणाला चिकटवून दाबा, काकू." चालू झाली. तिच्या पुस्तकात हे लिहिलेलं आहे. पुस्तक पाचशे पानांचं आहे आणि मी ते वाचलं नव्हतं, त्यामुळे यात गाडीला बोल लावत नाही.

फियाटला पुस्तक नाही, चाचा आहेत. सारडा सर्कलच्या मागे त्यांचं गॅरेज, आता मुलगा चालवतो, ते स्टुलावर बसून ऐकतात. खरंच ऐकतात. गाडी उभी केली की डोळे मिटून म्हणतात, "ताई, जेटमध्ये कचरा आहे," किंवा "टॅपेट वाजतात." पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल यायला लागल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते पेट्रोलचे सगळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा बदलण्याचं. जुनं रबर इथेनॉलला टिकत नाही, फुगतं, तडकतं. त्याआधी २००० साली शिसंवालं पेट्रोल बंद झालं तेव्हाही त्यांनीच हेड उघडून एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या सीट नव्या बसवल्या, शिशाने त्या सीटना वंगण मिळायचं ते संपलं होतं. त्यांची खरी काळजी आता पार्टची आहे. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली होती, वीस वर्षांची मुदत २०२३ ला संपली आणि काळ्यापिवळ्या पद्मिनी रस्त्यावरून गेल्या. टॅक्सी होत्या तोवर कुर्ल्याच्या बाजारात निरोप धाडला की दुसऱ्या दिवशी पार्ट यायचा. "आता फोन केला तर विचारतात, चाचा, म्युझियम काढलंय का."

चाचांच्या मुलाने मला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट सुचवला. पॉइंटच काढून टाकायचे, मधे काही घासत नाही, काही झिजत नाही, अंतर धरायचा प्रश्नच नाही. बरोबर आहे त्याचं. मी हो म्हणून आले होते. मग गाडीत बसल्यावर कप्पा उघडला, पट्टी पाहिली, आणि परत जाऊन नको म्हणून आले. याला काही तांत्रिक कारण नाही.

आता कागदांचं. पंधरा वर्षं झाल्यावर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. २०२३ साली पेठ रोडच्या आरटीओत मी फियाट नेली, पाच हजार फी भरली, पर्यावरण कर वेगळा. साहेबांनी हॉर्न, दिवे, ब्रेक पाहिले आणि "वायपर चालतो का हो?" असं आदराने विचारलं. चालला. मधे नवी नंबरप्लेटही बसली, चमकता होलोग्राम असलेली, ती त्या जुन्या बंपरवर नऊवारीवर गॉगल लावल्यासारखी दिसते. पुढची फेरी २०२८ ला. आणि नेमकी २०२८ लाच गाडी पन्नास पूर्ण करते. २०२५ साली वीस वर्षांवरच्या गाड्यांची फी वाढवून दहा हजार केली. पन्नास वर्षांपुढच्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी विंटेजचा दर्जा मिळतो. नोंदणीची फी वीस हजार, आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं.

नवऱ्याने हे वाचलं आणि तो खूश झाला. त्याने रंग कुठला द्यायचा, मुंबईच्या रॅलीला कसं जायचं, इथपर्यंत ठरवून टाकलं. जेवताना तो आईला समजावत होता की आपल्या फियाटला सरकारी मान मिळणार. मी नियम पुढे वाचला. विंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच.

आईने आमटी वाढता वाढता विचारलं, "म्हणजे फिजिओला नाही जाता येणार?"

"नाही."

"आणि भाजीला?"

"नाही."

"मग दहा हजारवाली नोंदणीच करा," आई म्हणाली. "आणि त्या पोराला सांग, मागच्या दाराचं हँडल ढिलं झालंय."